टँगल्ड डेप्थ्समधले तीन आठवडे

'गिल्ड वॉर्स २' या ऑनलाइन गेमचं 'हार्ट ऑफ थॉर्न्स' हे एक्सपान्शन (मूळ गेमला जोडलेला नवा भाग) कसं आहे, हे मी २०२० च्या मे महिन्यात पाच जणांना विचारलं आणि पाचही उत्तरं टोकाची मिळाली. जर्मनीतला माझा दादा म्हणाला, "या गेममधलं सगळ्यात सुंदर जंगल आहे ते, डोळे मिटून घे." ऑफिसमधला मित्र म्हणाला, "दोन नकाशे बघ आणि सोडून दे, तिसऱ्यात वेडी होशील." आज मला वाटतं की दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. ते कळायला मला त्या तिसऱ्या नकाशात, म्हणजे टँगल्ड डेप्थ्स या प्रदेशात, तीन आठवडे काढावे लागले.

विकत घेणं, डाउनलोड, सुरुवातीची कथा यात सांगण्यासारखं काही नाही. आकाशातून जाणारं पॅक्टचं, म्हणजे ड्रॅगनांशी लढणाऱ्या आपल्या सेनेचं, आरमार मॉर्डरेमॉथ नावाच्या ड्रॅगनच्या वेली एका झटक्यात खाली ओढतात आणि त्या अवशेषांमधून आपण जंगलात शिरतो. व्हर्डंट ब्रिंक या पहिल्या नकाशात रात्र पडली की शत्रू अंगावर धावून येतात. ऑरिक बेसिन या दुसऱ्यात तारीर हे सोन्याचं शहर आहे, तिथे चार बाजूंच्या चार वेली जवळजवळ एकाच वेळी मारायच्या असतात. दोन्ही नकाशे मला मनापासून आवडले. हातात ग्लायडर आला आणि पहिल्यांदा झाडाच्या शेंड्यावरून खाली झेप घेतली, तेव्हा दादाचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं.

मला हवा होता रीपर, म्हणजे नेक्रोमॅन्सर या मृतांची जादू करणाऱ्या पात्राचं पुढचं रूप, तिचं एलिट स्पेशलायझेशन. माझी नेक्रोमॅन्सर २०१८ पासूनची, आणि तिच्या हातात ती भली मोठी तलवार द्यायची म्हणून तर हा सगळा खटाटोप. असं स्पेशलायझेशन पूर्ण उघडायला २५० हीरो पॉइंट लागतात. जंगलातलं एक आव्हान पार केलं की १० मिळतात, म्हणजे २५ आव्हानं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये हे एक्सपान्शन आलं तेव्हा हाच आकडा ४०० होता. खेळाडूंनी एवढी ओरड केली की थोड्याच दिवसांत तो २५० वर आणला गेला. त्या ओरडणाऱ्यांचे मी आजही आभार मानते. चाळीस आव्हानं माझ्याच्यानं झाली नसती.

सोळा झाली आणि मी टँगल्ड डेप्थ्समध्ये उतरले.

हा नकाशा कागदावर कळतच नाही. आव्हानाची खूण अगदी आपल्या डोक्यावर दिसते, पण ती असते दोन मजले वर किंवा तीन मजले खाली, आणि तिथे जायचा रस्ता सुरू होतो नकाशाच्या भलत्याच कोपऱ्यातून. रत्नागिरीला आमच्या आजोळी माळ्यावर जायचा जिना कोठीच्या खोलीतून होता, नव्या माणसाला तो कधीच सापडायचा नाही. इथे अख्खं जंगल तसं. पोकळ मुळांच्या आतून वाट, धबधब्यामागे बोगदा, टुणकन वर उडवणारे मशरूम. वेपॉइंट, म्हणजे जिथे थेट उडी मारून पोचता येतं अशा जागा, अगदी मोजके. मेलं की त्यातल्या एखाद्यावर परत, आणि पुन्हा पहिल्यापासून पायपीट.

पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री दीड तास दिला आणि एकच आव्हान पार केलं. एक. दुसऱ्या एका खुणेभोवती चार रात्री फिरले. वरून पाहिलं, खालून पाहिलं, बाजूच्या बोगद्यातून गेले तर 'चॅक' भेटले. हे मोठाले किडे, ले-लाइनच्या, म्हणजे जमिनीखालच्या जादूच्या प्रवाहांच्या, ऊर्जेवर जगणारे. एकटीला ते झेपत नाहीत. पाचव्या रात्री कळलं की वाट नुहोक बेडकांच्या चिखलाच्या खड्ड्यांतून जाते. एका खड्ड्यात शिरायचं आणि दुसरीकडे बाहेर यायचं. पण ती विद्या मास्टरीत, म्हणजे खेळून मिळालेल्या अनुभवानं शिकायच्या कौशल्यांत, आहे, आणि माझे सगळे गुण मी ग्लायडिंगवर घातले होते. म्हणून सांगते, ग्लायडर उघडला की पुढचा अनुभव मशरूम आणि नुहोकच्या खड्ड्यांवर घाला. ग्लायडिंगच्या वरच्या पायऱ्या नंतर चढता येतात.

दादाला फोन केला. "अगं, ग्रिफनवरून जा ना," तो म्हणाला. तेव्हा मात्र मी चिडले. ग्रिफन हा उडणारा स्वारीचा प्राणी 'पाथ ऑफ फायर' या पुढच्या एक्सपान्शनमधला, म्हणजे २०१७ चा. त्यासाठी ती सगळी कथा संपवायची आणि वर २५० सोन्याची नाणी मोजायची. माझ्याकडे साठ होती. हार्ट ऑफ थॉर्न्स सोपं आहे असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता त्या जंगलावरून उडत जातात. ज्यांनी ते २०१५ मध्ये पायी केलं, त्यांच्या तोंडून मी 'सोपं' हा शब्द एकदाही ऐकला नाही. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये हे नकाशे बरेच सौम्य केले गेले, तरी वाट शोधायचं काम तेवढंच राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात वाटा सापडू लागल्या, पण वाटेच्या शेवटी चॅम्पियन, म्हणजे खूप ताकदवान शत्रू, उभा असायचा. त्याच्यासमोर माझ्या एकट्या नेक्रोमॅन्सरचं काही चालायचं नाही. मॅप चॅटमध्ये विचारायचं, "कुणी येतंय का?" आणि वाट बघायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणी आलंच तर त्याला वाट सापडायची नाही, आणि तो विचारायचा, "तू तिथे पोचलीस कशी?" ते लिहून सांगणं अशक्य होतं. एकदा पाऊण तास थांबून एक जण आला, आम्ही दोघं लढलो, दोघंही मेलो, आणि तो काही न बोलता निघून गेला. त्या रात्री मी गेम काढून टाकायच्या बेतात होते.

एकट्यानं खेळणाऱ्यांचा या एक्सपान्शनवरचा राग मला पूर्ण मान्य आहे. मूळ गेममध्ये आपण एकटं हिंडावं, वाटेत कुणी भेटलं तर मदत करावी, असा स्वभाव होता. इथे येऊन तो अचानक बदलतो आणि त्याची पूर्वसूचना कुणी देत नाही.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी रात्री साडेबाराला, युरोपच्या सर्व्हरवर, एलएफजीमध्ये, म्हणजे सोबती शोधायच्या यादीत, 'एचपी ट्रेन' असं लिहिलेलं दिसलं: सगळ्यांनी मिळून एकामागून एक हीरो पॉइंटची आव्हानं पार करत जायचं. तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात, माणसं जेवून खेळायला बसतात. भारतातून खेळणाऱ्यानं हार्ट ऑफ थॉर्न्स करायचं असेल तर हीच वेळ धरावी. संध्याकाळी सातला आपल्या सोयीनं गेलं की तिकडे लोक अजून कामावर असतात आणि जंगल रिकामं भेटतं. मी हीच चूक पंधरा दिवस केली.

गटाला वाट दाखवणाऱ्या कमांडरच्या डोक्यावर निळी खूण होती. (ती मिळवायला ३०० सोन्याची नाणी लागतात, आणि त्या रात्रीपासून ती खूण लावणाऱ्याबद्दल मला आदर आहे.) पंचवीस-तीस जण त्याच्यामागे धावत होतो. मी दोनदा हरवले. दोन्ही वेळा तो थांबला. एका मेस्मरनं (भ्रमाची जादू करणारं पात्र) खाली पोर्टल, म्हणजे जादूचं दार, मांडलं, स्वतः वर जाऊन दुसरं टोक उघडलं, आणि आम्ही मागे राहिलेले सगळे त्यातून वर आलो. जिथे मी चार रात्री घिरट्या घातल्या होत्या, तिथे आम्ही सहा मिनिटांत पोचलो. चॅम्पियन मिनिटभरही टिकला नाही. मी रीपरच्या आशेनं आले होते, पण त्या रात्री पडलेल्या माणसांना उठवत फिरण्यातच मला जास्त आनंद झाला. नेक्रोमॅन्सर त्या कामात चांगली आहे.

आई पाणी प्यायला उठली होती. "झोप गं आता, दोन वाजले." "आई, चारच राहिलीत," मी म्हणाले. ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सोन्याचं शहर कुठंय म्हणून विचारू लागली. ट्रेन ऑरिक बेसिनमधून गेली तेव्हा तिला तारीर दाखवलं.

पावणेतीनला पंचविसावं झालं. रीपर पूर्ण उघडला आणि मी खरंच उठून उभी राहिले.

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं, आणि ते खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. हार्ट ऑफ थॉर्न्सला हात घालण्याआधी पाथ ऑफ फायरची पहिली मोहीम करून रॅप्टर हा वेगानं पळणारा स्वारीचा प्राणी घ्या. मी घेतलं तेव्हा दोन्ही एकत्रच मिळत होती, म्हणजे वेगळे पैसेही पडले नसते. रॅप्टरला तासा-दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि मेल्यावरची ती लांबलचक पायपीट अर्ध्यावर येते. कथा क्रमानं करायची या हट्टापायी मी तो घेतला नाही. कथेचा क्रम रॅप्टरनं बिघडत नाही, परत येऊन जंगलापासून सुरू करता येतं.

आणि दुसरं, मास्टरी एकदा मिळाली की आपल्या सगळ्या पात्रांना मिळते, पण हीरो पॉइंट प्रत्येक पात्राचे वेगळे. हे मला रीपर झाल्यावर कळलं. ड्रूइडसाठी, म्हणजे रेंजरच्या एलिट स्पेशलायझेशनसाठी, आता माझी रेंजर जंगलात आहे, २५० पैकी ७० झाले. टँगल्ड डेप्थ्सच्या वाटा पाठ झाल्या आहेत. शनिवारी रात्री मॅप चॅटमध्ये कुणी "तिथे पोचायचं कसं?" असं विचारलं, तर मी ले-लाइन कन्फ्लुअन्सच्या वेपॉइंटवर जाऊन थांबते आणि त्याला सोबत घेऊन जाते.