तांब्याच्या पेन्या आणि मोडीचा भाव

धुण्याच्या यंत्रात कपडे टाकण्यापूर्वी विजारींचे खिसे उलटे करून पाहण्याचे काम आमच्या घरी निवृत्तीनंतर माझ्याकडे आले आहे. एका दुपारी असेच खिसे झाडताना दोन पेन्या यंत्राच्या पत्र्यावर पडल्या. एक टणकन वाजली आणि तिचा आवाज क्षणभर रेंगाळला. दुसरी नुसती खट् करून आडवी झाली. पहिली 1982 च्या आधीची आणि दुसरी नंतरची, हे मला न पाहताच कळले. चष्मा लावून पाहिले तर पहिली 1975 ची निघाली. मी ती गराजमधल्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि दुसरी चिल्लरीच्या वाडग्यात. हा नाद ज्याला आहे त्याला यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही, आणि ज्याला नाही त्याला न्यू जर्सीतला एक म्हातारा मराठी माणूस एक सेंटच्या नाण्याचा आवाज ऐकत का उभा आहे, हे समजावणे कठीण आहे.

गोष्ट सरळ आहे. 1982 च्या काही महिन्यांपर्यंत अमेरिकेची पेनी शंभरात पंच्याण्णव भाग तांब्याची असे आणि तिचे वजन 3.11 ग्रॅम भरे. तांबे महागले, तेव्हा त्याच वर्षी टांकसाळीने जस्ताची चकती घेऊन तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढवायला सुरुवात केली, आणि वजन 2.5 ग्रॅमवर आले. लिंकनचा चेहरा तोच राहिला, पाठीमागचे त्याचे स्मारक तेच राहिले, रंगही तोच राहिला. फक्त आतला माल बदलला. मुलामा कुठे खरवडला गेला की आतले जस्त ओलीने कुजू लागते, आणि गाडीच्या कप्प्यात विसरलेली नवी पेनी काही वर्षांनी पांढरट, भुसभुशीत होऊन हाती येते. जुनी पेनी काळी पडते, हिरवी होते, पण ती शेवटपर्यंत पेनीच राहते. 1982 या एका वर्षात मात्र दोन्ही प्रकारची नाणी पाडली गेली, त्यामुळे त्या सालाची नाणी नुसत्या आवाजावर सोडून चालत नाही. ती तोलावी लागतात, आणि म्हणून त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळा डबा आहे. लंडनमधल्या माझ्या भाच्याचे काम याहून सोपे आहे, कारण तिकडच्या पेन्या 1992 च्या सप्टेंबरपासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या आहेत, आणि नुसता लोहचुंबक फिरवला की खऱ्याखोट्याची निवड आपोआप होते. अमेरिकेच्या जस्ताला चुंबक विचारत नाही. इथे कान लागतो, डोळा लागतो, नाहीतर काटा लागतो.

आता हिशेब. एका जुन्या पेनीत तांबे आहे 2.95 ग्रॅम. तांब्याचा भाव पौंडाला साडेचार डॉलर धरला, तर एक सेंटच्या या नाण्यातले तांबे जवळजवळ तीन सेंटचे होते. हे ऐकून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावे; परंतु बँकेतून पंचवीस डॉलरची पेटी आणावी, तिच्यातल्या पन्नास गुंडाळ्या फोडाव्यात, अडीच हजार नाण्यांचे साल एकेक करून वाचावे, पाचांत एक तांब्याचे निघाले असे उदारपणे मानावे, आणि उरलेली दोन हजार पुन्हा गुंडाळून, शक्य तर दुसऱ्याच शाखेत, रोखपालाच्या नजरेला नजर न देता परत करावीत, तेव्हा या साऱ्या खटाटोपाचा नफा होतो दहा डॉलर. तोही कागदावर. कारण 2006 च्या डिसेंबरपासून पेनी आणि पाच सेंटचे निकेल वितळवायला अमेरिकेत बंदी आहे, आणि ती मोडल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवलेली आहे. नाणी देशाबाहेर नेण्यावरही बंधन आहे. प्रवाशाने जवळ बाळगलेली पाच डॉलरपर्यंतची नाणी चालतात. म्हणजे पाचशे पेन्या, जवळजवळ दीड किलो तांबे, मी उजळ माथ्याने मुंबईला नेऊ शकतो. त्याहून जास्त नेऊन पुण्याच्या तांबट आळीत एखादा हंडा घडवून घ्यावा असे मनात आले, तर तो गुन्हा आहे.

साठवणारे लोक वेडे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 1964 पर्यंतची अमेरिकेची पाव डॉलरची नाणी शंभरात नव्वद भाग चांदीची होती. चांदी काढून घेतली गेली आणि थोड्याच वर्षांत ती नाणी लोकांच्या खिशांतून नाहीशी झाली. सरकारने 1967 मध्ये ती वितळवायला बंदी केली आणि 1969 मध्ये ती उठवली. ज्यांनी डबे भरून ठेवले होते त्यांचे भले झाले. पेनीवरही 1974 मध्ये अशीच बंदी आली होती आणि 1978 मध्ये उठली होती. तेव्हा आजची बंदी उद्या उठेल, ही आशा अगदीच हवेतली नाही. पेनीच बंद झाली की बंदीला अर्थ काय उरणार, असे आमच्यातले जाणते बरीच वर्षे म्हणत आले. पेनी बंद झाली. एक पेनी पाडायला 2024 च्या आर्थिक वर्षात 3.69 सेंट खर्च येत होता, आणि 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. पण नाणे पाडणे थांबले म्हणून बंदी आपोआप उठत नाही. आधीच्या पेन्या अजून कायदेशीर चलन आहेत, आणि जाणते आता आणखी थोडे थांबा म्हणतात.

थांबायचे तर जागा लागते. चांदीच्या पाव डॉलरची शंभर डॉलरची नाणी अडीच किलो भरतात आणि कपड्यांच्या कपाटात एका कोपऱ्यात मावतात. शंभर डॉलरच्या तांब्याच्या पेन्या एकतीस किलो भरतात. गराजमधली एक फळी यापूर्वीच वाकली आहे.

या सगळ्याला सोपे उत्तर माझ्या आजीकडे होते. कोणतीही वस्तू घरात येताना तिचा पहिला प्रश्न असे, मोडीत काय येईल? ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना ती याच कारणावरून हात लावत नसे. स्टेनलेस स्टील गावात आले, शेजारपाजारच्या बायका पितळेचे डबे देऊन चकचकीत डबे आणू लागल्या, तेव्हा स्टीलला मोड नाही एवढेच ती म्हणाली आणि विषय संपला. तिच्या हिशेबात प्रत्येक भांड्याला दोन किमती होत्या, एक वापराची आणि एक वजनाची, आणि दुसरी किंमत जिला नाही ती वस्तू तिच्या दृष्टीने विकत घेतलेली नव्हे, भाड्याने आणलेली होती.

तिच्या हाताने मी एकच मोठी मोड झालेली पाहिली, ती वाईच्या घरातल्या बंबाची. काकाचे कॉलेजचे वर्ष होते, फी भरायची होती, आणि त्या वर्षी शेतावरून काही आले नव्हते. आदल्या दिवशी तिने आम्हा मुलांना बसवून तो बंब राख आणि चिंच लावून घासून घेतला, आतले क्षार काठीने खरवडून काढायला लावले. दुकानदाराने राखेचे, काजळीचे, क्षारांचे म्हणून वजन वजा करू नये, हा त्यामागचा हेतू होता. दुकानात गेल्यावर तिने पितळेची तोटी आणि खालची लोखंडी जाळी स्वतः काढवून बाजूला ठेवली. तोटी वेगळी तोला, जाळी मी घरी नेणार आहे, असे सांगितले. दुकानदार मोठ्या तागडीवर वजने चढवत असताना ती त्याच्या हातांकडे नव्हे, पायांकडे पाहत होती. पाय जरा मागे घ्या, असे ती अगदी सौम्यपणे म्हणाली. त्याने तो घेतला. बंब किती भरला ते मला आठवत नाही, पण फी भरून वरती थोडे उरले, आणि उरलेल्या पैशांत दुकानदार एखादे स्टीलचे ताट घ्या म्हणाला तेव्हा तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ते मला पक्के आठवते. पुढे कित्येक महिने आम्ही चुलीवरच्या पातेल्यातून पाणी काढून अंघोळ केली. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढले नाही. काका पुढे इंजिनिअर झाला आणि त्याने आईला गिझर घेऊन दिला, ज्याला अर्थातच मोड नव्हती.

तिचा एक पितळेचा डबाही होता. त्यात शिवरायांच्या नावाच्या दोन-तीन झिजलेल्या शिवराया होत्या, जाडजूड ढब्बू पैसे होते आणि भोकाचे पैसे होते. चलनातून ते केव्हाच गेले होते. कलशात घालायला तांब्याचा पैसा हवा म्हणून ठेवले आहेत, असे ती सांगे. पण कलशाला एक पैसा पुरतो, आणि डबा उचलताना दोन हात लागत. भोकाचे पैसे मला फार आवडत, कारण ते सुतळीत ओवता येत आणि कमरेला बांधून आपण श्रीमंत असल्याचे सोंग करता येई. दादाने त्यातला एक नळाला वायसर म्हणून लावला होता, आणि तो घर विकेपर्यंत गळला नाही. महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून 1943 मध्ये पैशाला ते भोक पडले. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या पेनीतले तांबे काढून ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली, कारण तांबे काडतुसांना हवे होते. एका सरकारने पैशाचे पोट कापले आणि दुसऱ्याने त्याची जातच बदलली. ती करड्या रंगाची पोलादी पेनी अजून क्वचित एखाद्या गुंडाळीत सापडते, आणि सापडली की मी ती भोकाच्या पैशाशेजारी ठेवतो. त्या दोघांची ओळख असायला हवी, असे मला उगीचच वाटते.

माझी आणखी एक खोड आहे, जिच्यामुळे नाणेसंग्राहकांत मला मान मिळणार नाही. मी नाणी घासतो. नाणे कधीही घासू नये, त्यावरचा काळाचा थर हीच त्याची किंमत, असे त्या शास्त्रातले पहिले वचन आहे. ते मला मान्य आहे, आणि 1958 पर्यंतच्या, पाठीवर गव्हाच्या लोंब्या असलेल्या पेन्यांना मी हात लावत नाही. पण साध्या 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या पेन्यांना संग्राहक विचारत नाहीत. मग त्यांना चिंचेच्या कोळात बुडवून, अंगठ्याने चोळून, वाहत्या पाण्याखाली धरायला हरकत काय आहे? काळपट चकतीतून तो गुलाबी-नारिंगी रंग वर येतो, पाठीवरच्या स्मारकाच्या खांबांमध्ये बसलेला इवलासा लिंकन भिंगाखाली दिसू लागतो, म्हणजे एका नाण्यावर तो दोन्ही बाजूंना आहे हे कळते. सणाच्या आदल्या दिवशी ताम्हन आणि पळी-पंचपात्री उजळत बसण्याचे काम इथे कोणी मला देत नाही. पेन्या आहेत.

हे करण्यात वेळ जातो, आणि वेळेला पैसा पडतो, असे मुलगा म्हणतो. त्याने ताशी दर काढून दाखवला. तो या देशाच्या किमान वेतनाच्या आसपासही नव्हता. मी त्याला विचारले की दुपारी दोन ते चार या माझ्या वेळेला सध्या दुसरे कोण किती द्यायला तयार आहे. तो हसला, पण त्याचा हिशेब चुकलेला नाही. पैशासाठी म्हणाल, तर हा उद्योग करू नये. त्या श्रमांत आणि त्या पेट्रोलमध्ये एखाद्याने एका दिवसाचे साधे काम केले, तरी तो माझ्यापुढे जाईल.

तरीही एक गोष्ट मला सोडवत नाही. मी हाताळलेला बाकीचा सगळा पैसा, रुपये असोत की डॉलर, माझ्याकडे असताना हळूहळू कमी होत गेला आहे. त्यावर छापलेला आकडा तोच राहिला आणि त्यात येणारे तांदूळ कमी झाले. सरकारने एक म्हणून हातात दिली आणि प्रत्यक्षात तीनाची निघाली, अशी माझ्या आयुष्यातली एकमेव वस्तू ही जुनी पेनी आहे. ती मोडता येत नाही, हे आजीला सांगितले असते तर ती म्हणाली असती की मग ती मोड कसली. तिचा बंब एका माणसाच्या शिक्षणाला पुरला. माझे सगळे डबे उद्या कायद्याने वितळवता आले, तरी इथल्या इस्पितळातली एक रात्रसुद्धा त्यात निघणार नाही, आणि माझ्यामागे मुलगा ते सगळे किराणा दुकानातल्या नाणी मोजणाऱ्या यंत्रात ओतेल, यंत्र आपली दलाली कापून घेईल आणि एक सेंटला एक सेंट याच भावाने उरलेली चिठ्ठी देईल, हे मला दिसते आहे. मी त्याला तसे न करण्याविषयी काही सांगितलेले नाही. सांगून ऐकण्याचे त्याचे वय गेले, आणि फळीही त्यालाच दुरुस्त करायची आहे. 1982 चा डबा मात्र तोलून संपवायला हवा. काट्यातली बॅटरी आणायची राहिली आहे.