शिडीवरची पक्कड : वेव्ह प्लसचे नऊ महिने

मंडळी, फेब्रुवारीत लेदरमन वेव्ह प्लस, म्हणजे पक्कड, सुरी, करवत, कात्री असं सगळं एकात असलेलं मल्टिटूल, घेतली तेव्हा सहा महिने वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं. सहाचे नऊ झाले. मध्ये अख्खा पावसाळा गेला, गणपतीच्या मंडपांची कामं झाली, खंडेनवमीला तिची पूजाही झाली. खिशातली वही भरत आलीय, तेव्हा आता उतरवतोच.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या आणि खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे इथली ऑफिसं, गोदामं. त्यांचे कॅमेरे, इंटरकॉम, गेटचे कार्ड रीडर सांभाळतो. नवीन बसवणं कमी, बिघाड शोधणं जास्त. फोनवर एवढंच कळतं की कॅमेरा बंद आहे. कनेक्टर सडलाय, पॉवर येत नाहीये की उंदराने वायर कुरतडलीय, हे शिडीवर चढून डबा उघडल्यावर कळतं. आणि तेव्हा जे हत्यार हवं असतं ते खाली बॅगेत पडलेलं असतं. घेण्याआधी एका पार्किंगमध्ये मी मुद्दाम मोजलं होतं. बारा कॅमेरे तपासताना एकवीस वेळा खाली उतरलो. हेल्पर पोरगा बरोबर असेल तर तो वर देतो, पण निम्मी कामं एकट्यानेच असतात. त्या एकवीस आकड्यामुळेच मी पाच आकडी किंमत मोजायला तयार झालो.

निवड करताना व्हिक्टोरिनॉक्सची स्पिरिट, असंच दुसरं मल्टिटूल, हातात घेऊन पाहिली होती. एका मित्राकडे आहे. तिची कात्री सुरेख आहे आणि सगळं इतकं गुळगुळीत की हातात घेऊन बसावंसं वाटतं. टेबलावर बसून काम करणाऱ्याला मी आजही तीच सांगेन. पण तिची पाती नखाने ओढून काढायची, आणि माझा डावा हात बहुतेक वेळा शिडीला नाहीतर ब्रॅकेटला धरलेला असतो. वेव्हची सुरी बाहेरच्या बाजूला आहे, तिच्या भोकात अंगठा घातला की एका हाताने उघडते आणि लॉक होते.

या गोष्टीला इतिहास आहे, थोडक्यात सांगतो. टिम लेदरमन १९७५ साली बायकोबरोबर जुन्या फियाट ६०० मधून युरोपात फिरत होते. गाडी सारखी कुरकुरायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशात नुसता चाकू. पक्कड हवी, हे तिथे त्यांच्या मनाने घेतलं. घरी येऊन वर्षानुवर्षं खटपट केली आणि १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडहून त्यांचं पहिलं मल्टिटूल, पीएसटी (पॉकेट सर्व्हायव्हल टूल), बाजारात आलं. त्यात पक्कड होती, पण सुरी काढायला आधी मुठी उघडाव्या लागत. १९९८ च्या वेव्हने पाती बाहेर आणली. २००४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आणि २०१८ च्या वेव्ह प्लसमध्ये वायर कापायची पाती बदलता येण्याजोगी झाली. हा शेवटचा बदल घेताना मला किरकोळ वाटला होता. जुलैत मत बदललं, ते पुढे येईलच.

मार्च–एप्रिल

पहिले दोन महिने हाताला सवय लावण्यात गेले. कागदावर १८ हत्यारं आहेत, रोजच्या कामात मला चार लागतात: पक्कड, सुरी, छोटा बिट ड्रायव्हर आणि मोठा बिट ड्रायव्हर, म्हणजे टोक (बिट) बदलता येणारे स्क्रूड्रायव्हर. छोट्या बिटचं मोल मी आधी ओळखलं नव्हतं. चष्म्याच्या स्क्रूसाठी दिलेलं ते इवलंसं टोक, पण कॅमेऱ्याच्या डीसी कनेक्टरचे स्क्रू तेवढेच असतात. पूर्वी मी टेस्टर घुसवायचो आणि स्क्रूची खाच खराब करायचो. आता टोक नीट बसतं, वायर घट्ट धरली जाते, आणि 'मधूनच जातो, मधूनच येतो' अशा तक्रारी कमी झाल्या. माझ्या मते शिडीवरची निम्मी दुखणी या स्क्रूपाशी असतात.

मुठीवरची १९ सेंटिमीटरची पट्टीसुद्धा लागते. ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर तिच्यावर घ्यायचं, भिंतीवर खूण करायची, ड्रिल मारून गिट्टी ठोकायची. करवत लाकूड कापायची आहे, पण केसिंग पट्टी आणि पीव्हीसी पाइप सपासप कापते. कापलेल्या कडेवरून कानस दोनदा फिरवली की वायरचं आवरण सोलटत नाही.

जिथे ती चालत नाही तेही लिहितो. आरजे-४५, म्हणजे नेटवर्कच्या वायरच्या टोकाचा प्लग, त्यासाठी वेगळा क्रिंपर (प्लग दाबून बसवायची पक्कड) लागतोच, कारण त्यातले आठही पिन एकाच दाबात खाली बसले पाहिजेत. वेव्हमधला क्रिंपर लगसाठी, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यासाठी आहे. डोम कॅमेऱ्याच्या स्क्रूला मधोमध टाचणीसारखा खुंट असेल तर साधं टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट आत जात नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली एल-की मी पाउचच्या मागच्या कप्प्यात टाकून ठेवलीय.

आणि एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो. हिची मूठ उघड्या स्टीलची आहे, तिच्यावर इन्सुलेशन नाही. आमच्या कामात १२ व्होल्ट डीसी असतं, किंवा नेटवर्कच्या वायरमधून येणारं पीओई, जे जास्तीत जास्त ५७ व्होल्टपर्यंत जातं. पण त्याच डब्यात अडॅप्टरच्या मागे २३० व्होल्ट बसलेलं असतं. तिथे मी वेव्ह बाहेर काढत नाही. एमसीबी पाडतो, टेस्टर लावून बघतो, आणि मग १००० व्होल्टची खूण असलेली इन्सुलेटेड पक्कडच घेतो. ती बॅगेतून आणायला दहा वेळा उतरावं लागलं तरी उतरतो. १२ व्होल्टची वायरसुद्धा चालू असताना दोन्ही तारा एकदम कापायच्या नाहीत. पक्कड दोघींना जोडते आणि ठिणगीने धारेला खड्डा पडतो.

जुलै

ऐरोलीच्या एका इमारतीत गच्चीवरून खाली आलेल्या वायरींचा गुंता सोडवत होतो. त्यात इंटरनेटची एक जुनी, बंद पडलेली केबल होती. सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "ती कापूनच टाका भाऊ, दोन वर्षं नुसती लोंबतेय." पाऊस सुरू व्हायच्या बेतात होता, मी घाईत पकडीच्या पुढच्या कटरने दाबली. टक् असा आवाज आला आणि हाताला हिसका बसला. हवेतून ओढायच्या या फायबर केबलच्या कडेने पोलादी तार जाते, वजन तोलायला. मला हे माहीत आहे, रोजचं आहे, तरी त्या क्षणी लक्षात आलं नाही. कटरच्या दोन्ही पात्यांवर तांदळाच्या कणीएवढी खाच पडली.

पोलादी तारेसाठी वेगळी जागा दिलेली आहे. पकडीच्या सांध्यालगत जी खोबण असते, तिथे तार घालायची. टेकूच्या जितकं जवळ, तितका तारेवर मुठीचा दाब जास्त पडतो, आणि ती जागा कणखर तारेसाठीच केलेली आहे. बाबांना दाखवली तेव्हा त्यांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं. ते वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. म्हणाले, "हत्याराला त्याची जागा माहीत असते. आपण विचारलं पाहिजे."

जुनी वेव्ह असती तर ती खाच कायमची राहिली असती. प्लसची पाती स्क्रू काढून बदलता येतात. मामेभाऊ ऑगस्टमध्ये अमेरिकेहून येणार होता, त्याला नवा जोड आणायला सांगितला. बदलायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पांढऱ्या पंचावर दिवा धरून, स्क्रू हरवू नये म्हणून. आता तार समोर आली की आधी नखाने आवरण खरवडून बघतो. तांब्याची असेल तर पुढे, पोलाद असेल तर सांध्यापाशी.

ऑगस्ट–सप्टेंबर

गंजाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. सुरीचं पोलाद ४२०एचसी, त्यात क्रोमियम सुमारे १३ टक्के, म्हणजे स्टेनलेस. पण खाडीकाठच्या हवेत मीठ असतं, आणि मीठ स्टेनलेसवरचं संरक्षक आवरण फोडून आत शिरतं. एके दिवशी भिजून आलो, पाउच तसाच दाराच्या खुंटीला टांगला आणि रविवार मध्ये आला. सोमवारी कात्रीच्या सांध्यापाशी तांबूस ठिपके दिसले. चूक माझीच होती. जुन्या टूथब्रशवर तेल घेऊन घासले, निघाले.

त्या दिवसापासून घरी आल्यावर, चहाच्या आधी, पाउच रिकामा करतो. पावसात भिजली असेल तर कोमट पाण्यात साबणाने धुऊन पंख्याखाली सगळी पाती उघडून ठेवतो. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घातलं तर ड्रिलची धूळ त्यात बसते, आणि सिमेंटची धूळ व तेल मिळून कानशीसारखा लगदा होतो, तोच सांधे खातो. शिडीवर डोक्यावर ड्रिल मारताना पाउचचं झाकण बंद ठेवणं हे मी उशिरा शिकलो.

धारेसाठी बाबांचा जुना तेलाचा दगड. ४२०एचसी फार कडक नाही, महिन्यातून एकदा दहा-बारा हात फिरवले की वर्तमानपत्राचा कागद चिरते. सायकलवरून धार लावणारे येतात त्यांच्याकडे मी ही सुरी देत नाही. त्यांच्या चाकावर पातळ धार तापते आणि तापलेल्या पोलादाचा कस जातो. घरातल्या विळीसाठी मात्र तेच उत्तम.

गणपतीत आमच्या बाजूच्या मंडपात तात्पुरते चार कॅमेरे लावून दिले. बांबूवर ब्रॅकेट बांधायचे होते, तार पकडीने पिळायची, उरलेली कापायची, टाय आवळायचे. चार कॅमेरे लागेपर्यंत बॅग उघडली नाही. वहीत त्या रात्री मी फक्त तारीख आणि 'शून्य' लिहिलंय.

ऑक्टोबर

खंडेनवमीला बाबांचा व्हर्नियर, त्यांच्या दोन कानशी, माझा मल्टिमीटर आणि वेव्ह असं सगळं पाटावर मांडलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. बाबांनी वेव्ह उचलून पकडीचा सांधा कानाजवळ नेऊन उघडमीट केला. त्यांची ही सवय जुनी, आवाजावरून हत्याराची तब्येत सांगतात. म्हणाले, "मोकळी झालीय, पण ढिली नाही." नऊ महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती हीच.

नेण्या-आणण्याबद्दल दोन ओळी. २४१ ग्रॅम वजन पँटच्या खिशात लोंबतं, शिडीवर मांडीला लागतं, म्हणून कमरेच्या पट्ट्याला पाउचच बरा. विमानाच्या हातातल्या सामानात ही चालत नाही, चेक-इन बॅगेत टाकायची. मॉलमध्ये तपासणीला अडवतात, मी आपणहून काढून देतो, टोकन घेतो. कामाची बॅग आणि ओळखपत्र बरोबर असलं की समजावून सांगावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी फिरायला जाताना ती घरीच.

आजची स्थिती अशी. मोठी सुरी धारेत, दातेरी पात्याला मी अजून हात लावलेला नाही कारण ते बोथट झालंच नाही. कटरचा दुसरा जोड चालू आहे, अजून खाच नाही. कात्रीने फक्त टेप आणि टाय कापतो. फायबरच्या केबलमधले पिवळे अरामिड धागे तिच्यावर घालत नाही, त्याला वेगळी कात्री ठेवलीय. मागच्या महिन्यात त्याच पार्किंगमध्ये, त्याच बारा कॅमेऱ्यांना पुन्हा मोजलं. सहा वेळा उतरलो. त्यातले चार आरजे-४५ च्या क्रिंपरसाठी, एक इन्सुलेटेड पकडीसाठी, आणि एकदा वॉचमन काकांनी चहा आणला म्हणून.

आता बिट एक्स्टेंडर मागवलाय. खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत चपटं बिट पोचत नाही, आणि एक्स्टेंडरमुळे बाजारातले साधे पाव इंची षटकोनी बिटही लागतील. जानेवारीत ऐरोलीच्या खाडीकडच्या इमारतीची वार्षिक तपासणी आहे, गच्चीवर आठ कॅमेरे. त्या दिवसांत तिथून खाली चिखलावर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसतो. मोठी बॅग गाडीतच ठेवायची, कमरेला वेव्ह, खिशात क्रिंपर आणि इन्सुलेटेड पक्कड एवढंच घेऊन चढायचं, असा बेत आहे. किती वेळा उतरलो ते मोजून कळवतो.