फेनिटॉइनला न जुमानणारी फिट

खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘मिरगी’ लिहिलं होतं. मेंदूचा सीटी नॉर्मल, फेनिटॉइन या मिरगीच्या औषधाचा पूर्ण डोस देऊन झालेला. तरी विशीतला तो पोरगा आमच्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरच पुन्हा आकडीत गेला. कूस वळवली, ऑक्सिजन लावला, साखर पाहिली, ती ठीक होती. अंग घामाने निथळत होतं, शीर सापडेना. अशा वेळी सुई घेऊन हात चाचपत बसू नये. मांडीत मिडाझोलाम, म्हणजे फिट थांबवणारं गुंगीचं इंजेक्शन, १० मिलिग्रॅम दिलं, फिट थांबली, मग निवांत सलाइन लावलं.

मिरगीचा पेशंट आकडीनंतर गळून झोपतो आणि हळूहळू भानावर येतो. इथे उलटंच होतं. इंजेक्शनचा अंमल उतरताच हात थरथरायला लागले, नाडी १३०, चादर चिवडणं, अंगावरचे नसलेले किडे झटकणं. एक तर दारू तुटलीय, म्हणजे सवयीची असून अचानक बंद झालीय, नाहीतर झोपेची गोळी.

भाऊ ठाम होता, "साहेब, आमच्या घरात कोणी सुपारीसुद्धा खात नाही." तो चहाला गेल्यावर आईने पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढल्या. अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅम, झोपेची गोळी, मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती. रोज एक पट्टी, दहा गोळ्या. पोरगं सुधारावं म्हणून घरच्यांनीच त्याला दोन दिवस खोलीत कोंडलं होतं.

गांजा किंवा ब्राउन शुगर तुटली तर हाल होतात, पण त्या तुटण्याने सहसा जीव जात नाही. दारू आणि या गोळ्या तुटल्या तर जाऊ शकतो. गोळी मेंदूला रोज शांतीकडे ओढते, म्हणून मेंदू उलट्या दिशेला जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत एका बाजूने दोर सोडला की दुसरी उताणी पडते, तसं होतं. अल्प्राझोलम शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे एक-दोन दिवसांतच आकडी येऊ शकते. फेनिटॉइन या ओढाताणीत कुठेच हात घालत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ‘गोळ्या घेतो का’ एवढं आईला एकटीला विचारलं असतं तर सीटीचे पैसे वाचले असते.

उपाय म्हणजे त्याच कुळातलं, पण सावकाश उतरणारं डायझेपाम. रोजचे ५ मिलिग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे डोसांच्या तुलनेच्या तक्त्यांप्रमाणे ५० ते १०० मिलिग्रॅम डायझेपाम. तक्त्यांतच एवढा फरक, म्हणून आकडा डोळे मिटून लिहायचा नाही. थोडं द्यायचं, श्वास आणि गुंगी बघायची, मग पुढचं. पेशंट स्थिर झाला की दर दोन-चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कमी. शेवटचा टप्पा सगळ्यात चिवट असतो.

वडील खवळले. "गोळी सोडवायला आणलं, तुम्ही गोळीच देताय?" त्यांना दारूचं उदाहरण दिलं, तिथेही सुरुवातीला याच कुळातलं औषध देतात. पटलं नाही, पण सही करून घरी नेलं नाही एवढं खरं. आठवड्यापुरत्याच गोळ्या द्यायच्या, त्या आईने कुलपात ठेवायच्या, खोकल्याचं कोडीनवालं सिरप किंवा दारू गोळीसोबत नको, कारण गोळीशी मिळून ती श्वास बंद पाडू शकतात, हे तिघांना वेगवेगळं सांगितलं.

अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहे. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो, विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराने तीन वर्षं जपायची असते. रोज एक पट्टी चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याने त्या वहीत कोणाचं नाव लिहिलं असेल, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.