लग्नाची पंचविशी आणि रत्नागिरीत तीन रात्री

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून मुलांनी विचारलं, गोवा की केरळ? मी म्हटलं, रत्नागिरी. आजवर चार-पाच वेळा त्या गावावरून गेलो होतो, पण खरं सांगायचं तर पाहिलं होतं ते गाडीच्या खिडकीतून. स्टेशनवर उतरायचं, गाडी करायची आणि थेट गणपतीपुळं गाठायचं, हाच रिवाज. या खेपेला फेब्रुवारीत शनिवार ते मंगळवार शहरातच मुक्काम केला. जोडीने निवांत जायचं असेल तर माझं ऐका, रत्नागिरीत राहा. पुळं अर्ध्या दिवसात होतं.

दादरहून पहाटेची जनशताब्दी घेतली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारची तिकिटं भराभर जातात, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवली होती. मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा या गाडीला असतो. महाग वाटला, पण पंचवीस वर्षांतून एकदा चालतं. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. अंधार संपता संपत नाही, तेव्हाच सामान आवरायला घ्यायचं. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावला. शहरात यायला रिक्षा लागते. बसायच्या आधी भाडं ठरवा.

राहण्याबाबत आमची चूक तुम्ही करू नका. फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता म्हणून खोली घेतली. प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर गाड्या लावायची जागा, समुद्र होता तो गच्चीवरून. नवऱ्याने शांतपणे बोलून पहिल्या रात्रीनंतर ती सोडली आणि आम्ही भाट्याच्या बाजूला एका घरगुती निवासात गेलो. पैसे भरण्याआधी फोन करून सरळ विचारा: माझ्याच खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? आणि जेवण घरचं आहे का, तेही.

कारण रत्नागिरीत घरचं जेवण म्हणजे वेगळीच गोष्ट. निवासातल्या काकू सकाळीच विचारायच्या, "दुपारी काय करू?" त्या दिवशी बाजारात ताजं काय आलंय त्यावर उत्तर ठरायचं. एक दिवस तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, एक दिवस बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मी सोलापूरची. लग्नाआधी मासा ताटात कधी आला नव्हता. पहिल्या वर्षी सासरी बांगडा पुढ्यात आला आणि मी नुसती बघत बसले. तेव्हा नवऱ्याने न बोलता माझ्या ताटातला मासा ओढून घेतला, मधला काटा अंगठ्याने उचलून अख्खा बाहेर काढला, बाजूचे बारीक काटे बोटांनी चाचपून वेचले आणि ताट परत सरकवलं. आता मला सगळं येतं. तरी काकूंच्या ओसरीवर त्याने तेच केलं, बोलता बोलता, लक्ष दुसरीकडे असताना. मी काही म्हटलं नाही, ताट पुढे केलं. शाकाहारी असाल तरी अडत नाही. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदकही.

रविवारी सकाळी लवकर निघून आरे-वारे मार्गाने पुळ्याला गेलो. हा किनाऱ्याचा रस्ता साधारण २५ किलोमीटरचा. निवळीवरून जाणारा रस्ता लांब पडतो आणि समुद्रही दिसत नाही. त्यामुळे गाडीवाल्याला आधीच "आरे-वारेवरून" असं बजावून ठेवा. चढावर एका वळणाशी खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात, मधे डोंगराची सोंड, कडेला सुरूची झाडं. तिथे थांबा, बघा, वाळूत चालाही, पण पाण्यात शिरू नका. आरे-वारे आणि पुळं, दोन्हीकडे पाण्याला ओढ आहे, पायाखालची वाळू सरकते आणि पोहता येणारी माणसंही बुडाली आहेत. हे मी काळजीने लिहितेय, कारण आमच्या डोळ्यांदेखत एक तरुण जोडपं कमरेएवढ्या पाण्यात सेल्फी काढत होतं आणि किनाऱ्यावरचा सरबतवाला जिवाच्या आकांताने शिट्ट्या मारत होता.

पुळ्याला दर्शन झालं की डोंगराभोवतीची प्रदक्षिणा चुकवू नका. तो डोंगरच गणपती मानतात. साधारण किलोमीटरभर चालणं आहे. मंगळवारी आणि चतुर्थीला गर्दी फार. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, दहा मिनिटांवर.

सोमवारी थिबा राजवाड्यावर गेलो तर दार बंद. आतलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. मग त्या दिवशी टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर पाहिलं आणि पतितपावन मंदिरात गेलो. सर्व जातींना खुलं असलेलं हे देऊळ सावरकरांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली बांधून दिलं. दुपार सत्कारणी लागली. संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीत परतणाऱ्या होड्या बघितल्या.

मंगळवारी सकाळी पुन्हा राजवाडा. जांभ्या दगडाची लाल वास्तू, वर उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांवर कोरीव काम. ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून पदच्युत करून त्याला हलवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे नजरकैदेची चोवीस वर्षं इतर बंगल्यांत काढल्यावर. वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. इंग्रजांनी दिल्लीच्या बहादुरशहाला रंगूनला नेलं आणि मंडालेच्या राजाला आपल्या कोकणात आणलं. शाळेत हे वाचलं होतं, पण वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात उभं राहून दूर समुद्राची रेघ दिसली तेव्हा पोटात कालवलं. तीस वर्षं. आमच्या संसारापेक्षा पाच वर्षं जास्त.

बरेच जण वाडा बघून परततात. तुम्ही शिवाजीनगरातल्या समाधीकडेही जा. रिक्षावाल्याला "थिबा राजाची समाधी" म्हटलं की कळतं. तिथे राजा आहे आणि १९१२ मध्ये वारलेली धाकटी राणी. थोरली, सुपयालत, नवऱ्यामागे १९१९ मध्ये मायदेशी परत गेली आणि १९२५ मध्ये रंगूनलाच वारली. तिची समाधी तिकडे, राजाची इकडे. मधे बंगालचा उपसागर. म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये इथे येऊन गेले होते. आम्ही गेलो तेव्हा कोणीच नव्हतं, एक मांजर तेवढं उन्हात पडलेलं. केसात सकाळी माळलेला अबोलीचा गजरा होता, तो मी काढून तिथे ठेवला. नवरा म्हणाला, "अगं, राणीच्या नावाने ठेव." तसा ठेवला.

रत्नदुर्ग मात्र आम्ही घाईत केला, याची रुखरुख आहे. तीन बाजूंना समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह आणि खाली मिरकरवाडा बंदरात दाटीने लागलेल्या बोटी. तिथे ऊन उतरल्यावर जा, दोन तास हाताशी ठेवा आणि टोपी-पाणी बरोबर असू द्या. मांडवीचा किनारा, म्हणजे काळा समुद्र, रात्री जेवल्यावर फिरायला चांगला. वाळू खरंच काळपट आहे.

फेब्रुवारीत हवा छान असते आणि कलमांना मोहर असतो, पण हापूस अजून फारसा मिळत नाही. आंब्यासाठी जायचं तर एप्रिल-मे गाठा, उकाडा सोसायची तयारी ठेवून. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना पुन्हा तपासा.

परतीची जनशताब्दी संध्याकाळची होती. काकूंनी कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, जुन्या सरबताच्या बाटलीत भरून दिलं होतं, बुचावर प्लास्टिक आणि दोरा बांधून. बाटली उभीच ठेवा, असं तीनदा बजावलं होतं. नवऱ्याने ती ठाण्यापर्यंत मांडीवर धरली. एक थेंब सांडला नाही.