ऑकलंड आणि सिडनी: दोन देश, दोन बालवाड्या

आधी ऑकलंडला आणि आता सिडनीला बालवाडीत काम करताना मराठी आईबाबांचा एक प्रश्न मला ठरलेला असतो, ताई, तुमच्याकडे एबीसीडी कधी सुरू करतात? त्यांची काळजी मला कळते, पण दोन्ही देशांच्या अभ्यासक्रमात अमुक वयाला अमुक अक्षरं असा तक्ताच नाहीये, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाहीये. अक्षरं, आकडे येतात, पण खेळाच्या ओघात.

कागदावर बघितलं तर दोन्ही अभ्यासक्रम सख्ख्या बहिणींसारखेच वाटतात. न्यूझीलंडचं 'ते फारिकी' १९९६ चं, ऑस्ट्रेलियाचं अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्क त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ मध्ये आलं. तिकडे पाच धागे, म्हणजे मुख्य सूत्रं, इकडे पाच आउटकम्स, म्हणजे मुलांमध्ये काय घडावं त्याची उद्दिष्टं, आणि मुलाला ही जागा आपली वाटली पाहिजे हे दोन्हीकडे अगदी वरच लिहिलंय.

फरक कळतो तो प्रत्यक्ष वर्गात. ते फारिकी लिहायला हेलन मे आणि मार्गारेट कार या बालशिक्षणतज्ज्ञांसोबत टिली आणि तामाती रीडी हे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजातलं दांपत्य पहिल्यापासून होतं, आणि त्यातला माओरी भाग हा इंग्रजीचा अनुवाद नाहीये, तो माओरी विचारातूनच लिहिला गेलाय. त्याच्याही आधी १९८२ पासून माओरी लोकांनी भाषा वाचवायला कोहांगा रेओ ही स्वतःची बालवाडी चळवळ उभी केली होती, म्हणजे पाया तयारच होता. त्यामुळे माझ्या ऑकलंडच्या वर्गात चिनी, सामोअन, आपली, सगळी पोरं जेवणाआधी हात जोडून कराकिया, म्हणजे माओरी प्रार्थना, म्हणायची आणि मगच काईला, म्हणजे जेवणाला सुरुवात व्हायची, आणि यात कोणाला काही वेगळं वाटायचं नाही.

ऑस्ट्रेलियात आदिवासी दृष्टिकोन हे स्वतंत्र तत्त्व म्हणून आलं ते थेट २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. अडचण खरी आहे, तिकडे देशभर एक माओरी भाषा आणि इकडे गोरे आले तेव्हा अडीचशेच्या वर भाषा होत्या, मग कुठली शिकवणार? आम्ही दरुग लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आहोत असं रोज सकाळी मुलांसोबत म्हणतो, दरुगमधले थोडे शब्दही शिकवतो, पण मला अजून ते वरवरचंच वाटतं, आणि हे मी स्टाफ मीटिंगमध्येही बोलते.

दुसरी गोष्ट लर्निंग स्टोरीची. मार्गारेट कार यांच्या कामातून आलेली ही पद्धत आता दोन्हीकडे वापरतात. मूल काय करतंय ते बघून शिक्षिका त्या मुलालाच उद्देशून लिहिते, की आज तू वाळूत पाण्याला वाट काढत होतास, पाणी मधेच जिरलं तेव्हा तू थांबलास, इकडेतिकडे बघितलंस आणि प्लास्टिकचा तुकडा आणून खाली अंथरलास. सिडनीत मात्र गोष्ट लिहून झाली की खाली आउटकम नंबर चार असं जोडायचं असतं आणि कधीकधी सगळं लक्ष त्या नंबरातच जातं.

पण एका बाबतीत मी ठामपणे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आहे. इकडे न्यू साउथ वेल्समध्ये दोन ते तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक बाई लागते, न्यूझीलंडमध्ये मूल दोन वर्षांचं झालं की दिवसभराच्या बालवाडीत दहा मुलांमागे एक चालते. दहा! त्यातली निम्मी डायपरमधली, एकाचं बदलत असताना दुसरं रडतंय, तिसरं चावतंय, मग कितीही सुंदर अभ्यासक्रम असू दे, खाली बसून मुलाचं ऐकायला वेळ कुठून आणायचा? हा नियम बदलायलाच हवा.

शाळेचंही वेगळं आहे. तिकडे बरीच मुलं पाचव्या वाढदिवसाच्या आसपास एकेकटी शाळेत जातात, इकडे वर्षाच्या सुरुवातीला सगळी एकदम.

आणि आपल्या लोकांसाठी एक सांगते, दोन्ही अभ्यासक्रमांत घरच्या भाषेला मान आहे, त्यामुळे मूल इंग्रजीत मागे पडेल म्हणून घरी मराठी बंद करू नका. पहिल्या दिवशी बाईंना पाणी, शू, भूक, झोप, आजी एवढे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून द्या, आम्ही ते भिंतीवर लावतो आणि खरंच वापरतो.