कट-मोजणीची वही, टप्पा तिसरा: दोन ‘काउबॉय बीबॉप’

‘काउबॉय बीबॉप’ ही १९९८ ची जपानी अ‍ॅनिमेशन (अ‍ॅनिमे) मालिका आणि नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये खऱ्या नटांना घेऊन केलेली (लाइव्ह-अ‍ॅक्शन) तिची आवृत्ती यांतले कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याच्या जागा, मोजून आपण दोन्हींची तुलना करतो आहोत. कामाची स्थिती आधी. १९९८ च्या मालिकेतलं सत्र ५ मोजून झालं (तिथे भागाला सत्र म्हणतात). १२ आणि १३ अर्धवट आहेत, २५-२६ ला अजून हात लागलेला नाही. २०२१ च्या लाइव्ह-अ‍ॅक्शन मालिकेचे शेवटचे दोन भाग हाताने मोजले आहेत, पण दोन मोजणाऱ्यांचे आकडे मारामारीच्या प्रसंगांत जुळत नाहीत. ते जुळेपर्यंत तक्ता टाकणार नाही. या टप्प्यात पद्धतीत बरेच बदल झाले, ते लिहून ठेवतो. दोन्ही मालिकांचा शेवट पुढे उघड होतो, तेव्हा न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

पहिली दुरुस्ती वेळेच्या हिशेबाची. मूळ मालिका २६ सत्रांची, प्रत्येक सत्र अर्ध्या तासाच्या खाचेत बसवलेलं. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट, पुढच्या भागाची झलक आणि मधली पाटी वगळली की कथेला वीस-एकवीस मिनिटं उरतात. २६ सत्रांचे मिळून नऊ तास धरा. नेटफ्लिक्सची मालिका दहा भागांची, बहुतेक भाग चाळिशीच्या आगेमागे, म्हणजे सात तासांच्या आसपास. ‘एकेका भागाला दुप्पट वेळ मिळाला म्हणून पाल्हाळ लागलं’ हे आपल्यात सर्रास बोललं जातं, पण एकूण वेळ उलट कमीच होता. तो गेला कुठे, हा खरा प्रश्न.

व्हिशसचं पात्र घ्या, नायक स्पाइकचा जुना साथीदार आणि आता वैरी. मूळ मालिकेत तो मुख्यतः पाच सत्रांत येतो: ५, १२, १३, २५ आणि २६. मध्ये कधी सहा, कधी अकरा भाग त्याचा पत्ता नसतो, आणि आला की घरात साप निघाल्यासारखं वाटतं. २०२१ मध्ये त्याचा आणि जूलियाचा (दोघांचंही जिच्यावर प्रेम, ती) धागा सुरुवातीपासून समांतर चालतो. पाश्चात्त्य मालिकेच्या लेखन-खोलीत हे सवयीचं असतं: मुख्य कथानक, दुय्यम कथानक, आळीपाळीने दोन्हीकडे जायचं. सवय वाईट नाही. पण इथे तो धागा स्पाइकच्या रोजच्या धंद्याला, म्हणजे इनाम लागलेले गुन्हेगार पकडण्याला, फारसा भिडतच नाही, त्यामुळे दर वेळी ‘आता तिकडे काय चाललंय’ म्हणून उठून जावं लागतं.

यासाठी मोजणीच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला आहे, ‘स्वस्त-महाग’. प्रत्येक प्रसंगासमोर लिहायचं की त्या माध्यमात ही गोष्ट दाखवायला स्वस्त की महाग. आतापर्यंत आपण फक्त वेग मोजत होतो आणि वेगातून फारसं काही हाती लागत नव्हतं.

अ‍ॅनिमेत पैसा चित्रावर जातो. टीव्हीच्या एका भागात साधारण ३०० कट असतात आणि तीन ते पाच हजार चित्रं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर वीस मिनिटांच्या २८,८०० फ्रेम होतात. चार हजार चित्रं धरली तर एक चित्र सरासरी सात फ्रेम टिकतं. एका फ्रेममध्ये चित्रांचे दोन-तीन थर असू शकतात, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण दिशा कळते. एका जागी उभं राहून खिडकीबाहेर बघणारं पात्र जवळजवळ फुकट पडतं. नवी जागा म्हणजे एक रंगवलेली पार्श्वभूमी, मग ती मंगळावरची असो की गॅनिमीडवरची. महाग काय, तर चालणं, वळणं, कापडाच्या घड्या, हलणारी गर्दी. म्हणून पात्र कमरेच्या वरूनच दाखवतात आणि मागचं चित्र सरकवतात. ही काटकसर ओसामु तेझुकांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या टीव्ही मालिकेपासूनची आहे (पहिला भाग १ जानेवारी १९६३). पुढच्या दिग्दर्शकांनी त्या नाइलाजाचीच शैली केली.

लाइव्ह-अ‍ॅक्शनमध्ये गणित उलटं बसतं. नटाला चालायचे वेगळे पैसे पडत नाहीत. नवी जागा मात्र महाग, आणि एकदा सेट उभा केला की तो वसूल करावाच लागतो. त्यात सगळ्यात स्वस्त म्हणजे उभ्या सेटवर दोन नटांचं बोलणं. तेव्हा भराव लागला की तो बोलण्यानेच घातला जातो, आणि अ‍ॅनिमेत तोच भराव स्थिर चित्राने, आभाळाने, रिकाम्या गल्लीने.

हे चर्चच्या प्रसंगात अगदी जवळून दिसतं. सत्र ५ मध्ये व्हिशस स्पाइकला रंगीत काचेच्या खिडकीतून खाली फेकतो. पडता पडता स्पाइक मागे ग्रेनेड सोडतो, वर स्फोट होतो, आणि ‘ग्रीन बर्ड’ हे गाणं सुरू असताना जुन्या आठवणींचे तुकडे पडणाऱ्या देहाच्या शॉटमध्ये मिसळतात. संवाद नाही. ती बाई कोण, तो जखमी का, कोणी समजावत नाही. मग पट्ट्या बांधलेला स्पाइक जागा होतो, समोर त्याची सहकारी फे गुणगुणत असते, तो तिला जवळ बोलावून सांगतो की तू बेसूर गातेस, आणि उशी त्याच्या तोंडावर बसते. त्या उशीने आधीच्या सगळ्या गांभीर्याची हवा काढली नसती, तर तो प्रसंग निव्वळ मेलोड्रामा झाला असता.

२०२१ मध्ये हाच भूतकाळ सांगायला अख्खा नववा भाग दिला आहे. चर्च आणि खिडकी दहाव्या भागात, म्हणजे शेवटाला. तिथे स्पाइक खाली पडतो तो जूलियाच्या गोळीने. प्रेक्षकाला सगळं माहीत झालेलं असतं, त्यामुळे पडण्याच्या शॉटला सांगण्यासारखं काही उरत नाही. संगीत दोन्हीकडे योको कान्नो यांचंच, म्हणजे दोष सुरांवर ढकलता येत नाही. मालिका १९ नोव्हेंबर २०२१ ला आली आणि ९ डिसेंबरला पुढचा सीझन रद्द झाल्याची बातमी आली. तिथे स्पाइक झालेल्या जॉन चोने त्याच्या हातापायांची ढब छान पकडली होती, एवढं मात्र मान्य करायला हवं.

आता पद्धत. कट आपोआप शोधायला पायसीनडिटेक्ट हा प्रोग्राम वापरतो. त्याच्या कंटेंट डिटेक्टरचा मूळ उंबरठा २७ आहे, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक त्यावर गेला की तो कट धरतो. लाइव्ह-अ‍ॅक्शनच्या डीव्हीडींवर तो बऱ्यापैकी चालतो, अ‍ॅनिमेवर दोन ठिकाणी फसतो. गोळीबारात एक-दोन फ्रेमचा पांढरा किंवा उलट्या रंगांचा झटका आला की तो खोटा कट धरतो. उलट, अंधाऱ्या खोलीतून अंधाऱ्याच गल्लीत जाणारा कट त्याला दिसत नाही. उंबरठा वाढवला तर पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते, म्हणून एकाच आकड्याच्या मागे लागू नका. झटक्यांसाठी कटची किमान लांबी वाढवा, अंधाऱ्या प्रसंगांचा तुकडा वेगळा काढून उंबरठा उतरवा, आणि शेवटी एमपीव्ही या व्हिडिओ-प्लेअरमध्ये डोळ्यांनी तपासा. तिथे टिंबाच्या कळीने एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाने एक फ्रेम मागे जाता येतं. व्हीएलसीत ‘ई’ दाबून पुढे जाता येतं, मागे येणं जमत नाही, आणि मोजणीत मागे यावं लागतंच.

एक चित्र किती फ्रेम टिकलं हे मोजायला एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनाचा एमपीडेसिमेट फिल्टर घेतला होता. सारख्या फ्रेम तो गाळतो, उरल्या त्या मोजायच्या. नव्या डिजिटल अ‍ॅनिमेवर हे झकास चालतं. बीबॉपवर पहिल्या प्रयत्नात जवळजवळ काहीच गळलं नाही. कारण साधं आहे: ही मालिका सेलवर (पारदर्शक पटलांवर) रंगवून फिल्मवर टिपलेली आहे. फिल्मचा दाणा प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो आणि चित्रही केसभर हलतं, त्यामुळे दोन सारख्या फ्रेम फिल्टरला सारख्या वाटत नाहीत. आधी दाणा कमी करणारा फिल्टर लावून, मग एमपीडेसिमेटच्या मर्यादा (किती फरक असला तरी फ्रेम सारख्या धरायच्या ते ठरवणारे आकडे, मूळ ७६८ आणि ३२०) टप्प्याटप्प्याने वाढवत न्याव्या लागतात. फार वाढवल्या तर फक्त ओठ हलणारे शॉट स्थिर म्हणून गळतात. ओठांची चित्रं मुळात तीनच असतात, मिटलेले, अर्धवट आणि उघडे, आणि ती चौकटीचा इवलासा भाग व्यापतात. पार्श्वभूमी सरकत असेल तर पात्र गोठलेलं असूनही प्रत्येक फ्रेम वेगळी ठरते. असे शॉट हातानेच मोजायचे. त्याला तोड नाही.

नेटफ्लिक्सची मालिका संरक्षित असल्याने फाइल काढून मोजता येत नाही, काढूही नये. दोघांनी स्वतंत्रपणे, आवाज बंद ठेवून, प्रत्येक कटला कळ दाबायची. आवाज चालू ठेवला की माणूस वाक्याच्या शेवटी कळ दाबायला लागतो. एकूण फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तर तो प्रसंग पुन्हा.

तक्ता जपानी स्टोरीबोर्डच्या, म्हणजे ‘एकोन्ते’च्या धर्तीवर आखला आहे: कट क्रमांक, चित्र, कृती, संवाद, वेळ. वेळ त्यांच्यासारखीच लिहायची, ३+१२ म्हणजे तीन सेकंद आणि बारा फ्रेम, अर्थात साडेतीन सेकंद. दशांशात लिहिलं की बेरजेत गोंधळ होतो. सहावा रकाना आपला, स्वस्त-महाग.

हा रकाना कितपत खरा ते तपासायला ‘वन पीस’ ही चाच्यांची मालिका (तीही दोन्ही रूपांत आहे) शेजारी ठेवून पाहिली, आणि तिथे पारडं फिरलं. तोएई स्टुडिओची अ‍ॅनिमे मालिका २० ऑक्टोबर १९९९ पासून दर आठवड्याला चालली आणि मूळ मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) पुढे जाता येत नाही म्हणून तिने जागोजागी थांबे घेतले. आर्लाँग या खलनायकापर्यंतची कथा अ‍ॅनिमेत चाळीसच्या वर भाग खाते. ३१ ऑगस्ट २०२३ ला आलेल्या लाइव्ह-अ‍ॅक्शनने ती आठ भागांत बसवली. तिथेही समांतर धागा आहे, गार्प आणि कोबीचा. पण गार्प हा नौदलाचा अधिकारी नायक लुफीच्या मागावर असतो, त्यामुळे दोन धाग्यांची गाठ पडणार हे आधीपासून दिसतं, आणि तिकडे गेलं तरी वाट चुकल्यासारखं होत नाही. म्हणजे समांतर धागा हा स्वतःहून दोष नाही. आणि अ‍ॅनिमेतला स्थिर शॉट स्वस्त असतो म्हणून तो दर वेळी अर्थपूर्ण असतो, असंही नाही. आठवड्याची मुदत गाठायला टाकलेलं आभाळ आणि कथेसाठी टाकलेलं आभाळ तक्त्यात सारखंच दिसतं, दोन्ही ‘स्वस्त’.

यावर सध्याचा तोडगा असा: स्थिर शॉटच्या लगेच आधीचा संवाद आणि नंतरची कृतीही नोंदवायची, आणि शॉट काढून टाकला तर पुढचा प्रसंग समजतो का, याचं हो-नाही लिहायचं. सत्र १२-१३ मध्ये बर्फात उभ्या पात्रांचे असे बरेच शॉट आहेत, ते या महिन्यात घ्यायचे. दाणा काढायच्या फिल्टरचे चांगले आकडे कोणाकडे असतील तर प्रत कुठली, ब्लू-रे की डीव्हीडी, हे सोबत लिहा. डीव्हीडी आंतरगुंफित (इंटरलेस्ड) असेल तर आधी २४ फ्रेमवर परत आणावी लागते, नाहीतर तीन-दोनच्या चालीने (२४ फ्रेम ३० करताना चित्रं आळीपाळीने तीन आणि दोन अर्ध-फ्रेममध्ये वाटली जातात) एकच चित्र दोनदा मोजलं जातं.