पोट आत घेतलं की

समोरून कुणी ओळखीचं येताना दिसलं की माणूस आधी पोट आत ओढतो, हसतो वगैरे नंतर. मीही ओढतो. आणि तेवढ्या चार पावलांत चाल पार बिघडते. खांदे वर चढतात, श्वास गळ्याशी येतो, हातांचं काय करायचं ते सुचत नाही.

चालण्याचं सगळं श्रेय आपण पायांना देऊन मोकळे होतो. पण जरा झपाझप चालणाऱ्या माणसाचा सदरा मागून बघावा. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा कमरेची उजवी बाजू पुढे येते आणि वर मात्र डावा खांदा, डाव्या हातासकट. ओला कपडा पिळताना दोन मुठी उलट्या फिरतात, तसंच. फक्त इथे पीळ बसतो न बसतो तोच सुटतो आणि उलट्या बाजूने बसू लागतो. सदऱ्यावर तिरक्या चुण्या पडतात, मोडतात, दुसऱ्या बाजूने पडतात. त्यासाठी पोटाच्या तिरक्या स्नायूंनी आळीपाळीने आवळायला आणि सुटायला हवं. सगळेच एकदम आवळले की बरगड्यांपासून कमरेपर्यंत एकच ठोकळा.

मग हातही थांबतात. हात हलणं शोभेचं वाटतं, पण पायांमुळे अंगाला बसणारा हिसका तेच सावरतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात अंगाशी धरून चालणाऱ्यांची ऊर्जा सुमारे १२ टक्के जास्त खर्च झाली.

याचा अर्थ पोट ढिलं सोडून चालावं असा नाही. पोटाचा सर्वांत आतला, आडवा स्नायू पाय उचलला जायच्या आधीच कामाला लागतो, तेही आपल्याला न विचारता. व्यायामात ‘कोअर टाइट’, म्हणजे पोट-कंबर आवळून धरा, म्हणतात ते जड वजन उचलताना ठीक आहे. ती सूचना रस्त्यावर घेऊन येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आवळून धरण्यालाही कारण असतंच म्हणा. नुकतं चालू लागलेलं मूल दोन्ही हात वर धरून, सगळं अंग एकसंध ठेवून डुलत येतं. तोल जमला की हात आपोआप खाली येतात. कंबर धरलेला माणूसही छाती आणि कंबर एकदमच वळवतो. पुष्कळदा दुखणं जातं आणि जपणं तेवढं राहतं.

‘पोट सैल सोड’ असं स्वतःला बजावून काही होत नाही. उलट पावलं मोजायची वेळ येते. मला लागू पडलेला उपाय म्हणजे चालता चालता बोलणं. लांबलचक वाक्य पुरं करायचं तर श्वास खोल घ्यावा लागतो, छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा खाली उतरतो आणि पोटाला पुढे यावंच लागतं. सोबतीला कुणी नसेल तर फोनवर बोलावं. मात्र फोन कानाला धरला की एक हात अडकतो, तेव्हा इयरफोन बरे.